माहितीचित्र कसं करावं, कसं पोचवावं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून नेहमी येणारे प्रश्न

मंडळं, बचत गट, शाळा, ऊस उत्पादक आणि दूध संस्था, सगळ्यांनाच आता माहितीचित्र हवं असतं. कुणी त्याला इन्फोग्राफिक म्हणतं, कुणी नुसतं ‘पोस्टर’. प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. जिथे घोळ जास्त होतो तिथे सविस्तर लिहिलंय, बाकी ठिकाणी आटोपतं घेतलंय.

कॅनव्हा हे डिझाइनचं ॲप उघडून बसलो की काही सुचतच नाही. सुरुवात कुठून करायची?

कॅनव्हा बंद करा. एक कागद घ्या आणि हे चित्र बघून माणसाला काय कळायला हवं ते एका वाक्यात लिहा. ‘ऊसदराची माहिती’ हे वाक्य नव्हे. ‘चार हंगामांत उसाची एफआरपी टनाला साडेसहाशे रुपयांनी वाढली’ हे वाक्य. (एफआरपी म्हणजे केंद्र सरकार ठरवतं तो उसाचा किमान दर. वाक्य कितपत खरं आहे ते पुढे बघू.) वाक्यात ‘आणि’ आला तर बहुधा दोन चित्रं लागतील. वाक्य जमतच नसेल तर अडचण डिझाइनची नाही, आपल्याला काय सांगायचंय तेच अजून ठरलेलं नाही.

मग दुसरा प्रश्न: बघणार कोण, आणि कुठे? गणपतीच्या मांडवात दर्शनाच्या रांगेत उभा असलेला माणूस दोन मिनिटं वाचेल. तोच माणूस मोबाइलवर अंगठ्यानं सरकवत जाताना दोन सेकंदही थांबणार नाही. एकच फाइल दोन्हीकडे चालवायचा हट्ट धरू नका.

अध्यक्षांना सगळे मुद्दे हवेतच. मग काय करायचं?

मुद्दे चित्राखालच्या मजकुरात टाका किंवा वेगळं पत्रक काढा. चित्रात शीर्षक, मुख्य आकृती, दोन-तीन ओळी, तारीख आणि माहिती कुठून घेतली ते, एवढंच. मंडळाचं बोधचिन्ह आणि पदाधिकाऱ्यांचे फोटो यांनी वरचा अर्धा भाग खाल्ला तर त्याला शुभेच्छाफलक म्हणा, माहितीचित्र नको.

कोणत्या माहितीला कोणता आलेख?

तुलना करायची असेल तर आडवे किंवा उभे स्तंभ. काळानुसार बदल दाखवायचा असेल तर रेषा. एकूणातले वाटे दाखवायचे असतील आणि ते तीन-चारच असतील तर गोल चकती. कृती सांगायची असेल तर क्रमांक घातलेल्या पायऱ्या. जागेचा खरोखर संबंध असेल तरच नकाशा.

चकतीचा मोह लोकांना फार. पण समान पायावर उभ्या केलेल्या स्तंभांची उंची डोळ्याला अचूक ताडता येते, चकतीतल्या फाकांचे कोन तितके येत नाहीत. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये माणसांवर प्रयोग करून हे दाखवलं. सात-आठ फाका झाल्या की रंगसूची बघत मान वर-खाली करावी लागते, आणि वाचणारा तिथेच सोडून देतो. तालुकावार आकडे असतील तर चकती नकोच. आडवे स्तंभ घ्या, मोठ्यापासून लहानाकडे लावा आणि तालुक्याचं नाव स्तंभाच्या शेजारीच लिहा.

आकडे सरकारी आहेत, बरोबर उतरवलेत. मग चित्र खोटं कसं ठरेल?

ठरतं. उसाचंच बघा. केंद्र सरकारची एफआरपी, टनाला रुपयांत, अशी: २०२१-२२ ला २,९००, २०२२-२३ ला ३,०५०, २०२३-२४ ला ३,१५०, २०२४-२५ ला ३,४०० आणि २०२५-२६ ला ३,५५०.

याचे स्तंभ काढताना उभा अक्ष शून्याऐवजी २,८०० पासून सुरू केला की पहिला स्तंभ १०० चा उरतो आणि शेवटचा ७५० चा. चित्रात दर साडेसात पट झाला! खरी वाढ २२ टक्क्यांच्या आसपास. कित्येकदा हे कुणी मुद्दाम करत नाही, सॉफ्टवेअरच ‘चित्र छान दिसावं’ म्हणून अक्ष कापून देतं. म्हणून नियम सरळ ठेवा. स्तंभ शून्यापासूनच उभे करायचे. बारीक चढ-उतारच दाखवायचे असतील तर रेषा घ्या. रेषेला अक्ष कापलेला चालतो, फक्त कापलाय हे दिसेल असं लिहा.

दुसरी गोम आणखी बारीक आहे. २०२१-२२ चा दर १० टक्के साखर उताऱ्याला (शंभर किलो उसातून दहा किलो साखर) होता, पुढचे सगळे १०.२५ टक्क्यांना. म्हणजे पहिला आकडा आणि बाकीचे एका मापाचे नाहीत. त्या हंगामात दर ०.१ टक्का जादा उताऱ्याला टनामागे २९ रुपये मिळत होते. त्या हिशेबानं १०.२५ टक्क्यांचा दर २,९७२ रुपये ५० पैसे होतो. तिथून ३,५५० म्हणजे वाढ साडेसहाशेची नव्हे, ५७७ रुपये ५० पैशांची, टक्केवारीत १९ च्या जरा वर. वर लिहिलेलं वाक्य म्हणूनच दुरुस्त करावं लागतं. आकडे खरे होते, जोडणी चुकीची होती.

चिकोडी-अथणीकडचा शेतकरी यावर लगेच विचारेल, ‘आमच्या कारखान्याचा उतारा सव्वाअकरा आहे, मग आमचं काय?’ २०२५-२६ ला प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे, म्हणजे ११.२५ टक्क्यांना ३,८९६ रुपये. शिवाय त्यातून तोडणी-वाहतूक जाते. हे सगळं एका चित्रात कोंबू नका. स्तंभांच्या खाली एक ओळ पुरे: ‘दर १०.२५ टक्के उताऱ्याचा, तोडणी-वाहतूक वजा न करता. २०२१-२२ चा दर त्याच उताऱ्यावर आणलेला.’ ही ओळ बारीक अक्षरात लपवू नका. गावातल्या बैठकीत भांडण होतं ते याच ओळीवरून.

दुधाच्या कॅनची चित्रं लहान-मोठी काढली तर? स्तंभ रुक्ष वाटतात.

काढा, पण सगळी कॅन एकाच आकाराची ठेवा आणि संख्या कमी-जास्त करा. एक कॅन म्हणजे शंभर लिटर, असं. कॅनची उंची दुप्पट केली की सॉफ्टवेअर रुंदीही दुप्पट करतं. मग कागदावर ते चौपट जागा घेतं आणि दूध दुप्पट असताना बघणाऱ्याला चौपट वाटतं.

आपल्या जिल्ह्याचे आकडे कुठून घ्यायचे? सगळीकडे वेगवेगळे दिसतात.

जनगणना, राज्याचा सांख्यिकी विभाग, जिल्हा पंचायत आणि ज्या त्या खात्याचे अहवाल हे पहिले ठिकाण. व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता म्हणजे आधार नव्हे. तो कुणी केला ते सापडलं तर तिथपर्यंत जा, नाही सापडलं तर सोडून द्या.

बेळगाव जिल्ह्यात एक खड्डा ठरलेला आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ आहे आणि तालुके दहा. निपाणी त्यात वेगळी नाही, ती चिकोडीत आहे. कागवाड, मुडलगी, कित्तूर, यरगट्टी हेही नंतर वेगळे झालेले तालुके. सौंदत्ती तिथे परसगड नावानं सापडते आणि बैलहोंगल संपगाव नावानं. आज ‘चिकोडी तालुका’ म्हणून जो आकडा मिळतो तो २०११ च्या चिकोडीशेजारी ठेवला तर चिकोडीतली माणसं एकाएकी कमी झाल्यासारखी दिसतील. गावनिहाय यादी घेऊन बेरीज पुन्हा करा किंवा तुलनाच करू नका. आणि चित्रात ४७,७९,६६१ लिहायची गरज नाही, ‘सुमारे ४८ लाख’ पुरतं. शेवटचा एक कुणाच्या लक्षात राहणार आहे?

सरासरीशीही जपून. कणकुंबी-जांबोटीकडचा धो-धो पाऊस आणि अथणी-रामदुर्गकडचा तुटपुंजा पाऊस यांची सरासरी काढून ‘जिल्ह्यातला पाऊस’ म्हणून एक स्तंभ उभा केला तर तो दोन्हीकडच्या लोकांना खोटा वाटेल, आणि त्यांचं बरोबरच असेल. इथे तालुक्यांचे वेगळे स्तंभ हवेत. तालुक्याच्या आतही फरक आहेच. खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस पूर्वेला पडत नाही.

सीमाप्रश्नावर चित्र करायचंय. काय सांभाळायचं?

विशेषणं काढून तारखा ठेवा, चित्र जास्त जोरकस होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना, १९६६ मध्ये सीमावादासाठी महाजन आयोगाची नेमणूक, १९६७ मध्ये अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयात दावा. बहुतेक जण या चार घटना सारख्या अंतरावर चार ठिपके म्हणून काढतात. तसं करू नका. एका वर्षाला दोन मिलिमीटर धरा: पहिलं अंतर वीस मिलिमीटर, दुसरं दोनच, तिसरं चौऱ्याहत्तर. ती लांबच लांब पट्टी दिसली की बघणारा आपणच विचारतो, ‘मधे काय झालं?’ आंदोलनं, निवडणुका, ठराव यांच्या खात्रीच्या तारखा असतील त्या तिथे भरा.

‘८६५ गावं’ हा आकडा लिहिताना तो एकट्या बेळगाव जिल्ह्यावर टाकू नका. महाराष्ट्राच्या मागणीतली ही संख्या कारवार, बिदर आणि कलबुर्गीकडची गावंही धरून आहे. नकाशात दावा आणि आजची प्रशासकीय हद्द या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकारच्या रेषांनी दाखवा आणि सूचीत तसं लिहा. देशाचा नकाशा वापरणार असाल तर बाह्यसीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाबरहुकूम हवी. न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, आणि इंटरनेटवरून उचललेले बरेच नकाशे जुळत नाहीत.

रंग कोणते घ्यावेत?

आपल्याकडे रंग नुसते रंग नसतात ओ. पिवळा-लाल शेजारी आले की कन्नड ध्वज दिसतो, भगवा आला की मराठी संघटना, निळ्या-हिरव्यालाही ओळख आहे, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काळ्या पट्टीचा अर्थ काळा दिन. तुमचं म्हणणंच ते असेल तर प्रश्न नाही. पण विषय डेंग्यूचा, पाणीपट्टीचा किंवा बसच्या वेळापत्रकाचा असेल तर अर्धे लोक रंग बघूनच ‘हे त्यांचं’ म्हणून पुढे जातात. अशा कामाला गडद निळसर-राखाडी आणि त्यावर एकच उठावाचा रंग, जांभळा किंवा मोरपंखी, बरा पडतो. उठावाचा रंग फक्त मुख्य मुद्द्याला द्या.

लाल विरुद्ध हिरवा एवढ्यावरच अर्थ सोपवू नका. काही पुरुषांना ते दोन रंग वेगळे दिसतच नाहीत. शब्द किंवा खूण जोडीला ठेवा. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं तर कुणालाच दिसत नाहीत, उन्हात अजिबात नाही. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान साडेचारास एक हवं, असं वेबसाठीचं मानक सांगतं. ते मोजायची फुकट साधनं आहेत.

मराठी अक्षरं फुटतात. वेलांटी भलतीकडे, जोडाक्षर तुटलेलं. काय करायचं?

दोन कारणं असतात. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटर वापरत असाल तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर चालू करा.

फॉन्ट निवडण्याआधी हे वाक्य टाकून बघा: ‘दर्जेदार ऊस देणाऱ्या शेतकऱ्यांना ॲपवर पावती’. ऱ्या आणि ॲ नीट आले तर फॉन्ट बहुधा मराठीला चालतो. ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडून बघा. मुक्त, नोटो सॅन्स देवनागरी आणि तिरो देवनागरी मराठी हे तिन्ही मोफत आहेत. दोन वजनं पुरतात, एक ठळक, एक साधं. शिरोरेषेवरच्या मात्रांसाठी ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच चित्रात घ्यायचं का?

माझं मत, शक्यतो नको. त्याच मांडणीची दोन चित्रं करा. मराठी शाळेतल्या मुलाच्या घरी मराठी जाईल, पंचायतीच्या पीडीओंना (विकास अधिकाऱ्यांना) कन्नड जाईल, आणि दोन्हीत अक्षरं मोठी राहतील. अर्धं-अर्धं वाटून घेतलेल्या चित्रात दोन्ही भाषा बारीक होतात.

भिंतीवर एकच लावायला जागा असेल तर आकृती समाईक ठेवा आणि फक्त शीर्षक व लेबलं दोन भाषांत घ्या. कन्नडमध्ये प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द लांब होतात. मराठीच्या मापानं आखलेला चौकोन कन्नडला पुरत नाही, म्हणून आधी कन्नड बसवून बघा. ‘अनेक’ या फॉन्ट कुटुंबात देवनागरी आणि कन्नड एकाच घडणीचे आहेत, त्यामुळे एक भाषा ठसठशीत आणि दुसरी मरतुकडी असं होत नाही. आकडे इंग्रजी घ्या, दोघांनाही चालतात. आणि भाषांतर ॲपकडून घेतलंत तरी कन्नड घरात बोलणाऱ्या माणसाला वाचायला दिल्याशिवाय छापू नका.

कर्नाटकात दुकानं-आस्थापनांच्या नामफलकांवर ६० टक्के कन्नड असण्याची सक्ती २०२४ च्या दुरुस्तीनं आली आहे. माहितीचित्र म्हणजे नामफलक नव्हे, पण दुकानाच्या दर्शनी भागावर मोठा फलक चढवणार असाल तर आधी विचारून घ्या. नंतर उतरवण्यापेक्षा ते बरं.

रोप लावणीच्या दिवसांत सर्पदंशाचं पोस्टर हवंय. साप कोणते दाखवू?

एकही नको. लोक नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या चित्रांशी चावलेला साप ताडत बसतात आणि वेळ जातो. आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही विषांवर चालते, त्यामुळे उपचार सुरू करायला साप ओळखण्याची किंवा मारून नेण्याची गरज नाही.

पोस्टरचं वाक्य एकच: ‘साप चावला की थेट लस असलेल्या दवाखान्यात.’ त्याखाली चार पायऱ्या. माणसाला शांत बसवा. चावलेल्या हातातल्या बांगड्या-अंगठी, पायातली जोडवी काढा, कारण सूज येते. हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. शेजारी तीन फुल्या: दोरी आवळू नका, चिरू नका, मंत्र-औषधात वेळ घालवू नका. चित्रातली बाई चिखलात उभी, डोक्यावर खोळ घेतलेली असू द्या. पांढऱ्या कोटातला परदेशी डॉक्टर बघून हे आपल्यासाठी आहे असं कुणालाच वाटत नाही. तळाला जवळच्या दवाखान्याचं नाव आणि फोन लिहा, आणि लस तिथे खरोखर असते का ते छापण्याआधी जाऊन विचारा. कणकुंबी, आमगावकडे रेंजचा भरवसा नसतो. त्यामुळे हे चित्र ग्रुपवर टाकून भागणार नाही, डेअरी, रेशन दुकान आणि बसथांब्यावर कागद लागलाच पाहिजे.

व्हॉट्सॲपवर पाठवलं की धूसर होतं.

ॲप चित्र दाबून लहान करतं. पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मात्र डॉक्युमेंट उघडायचे कष्ट फार थोडे लोक घेतात. म्हणून मुळात १०८० बाय १३५० पिक्सेलचं उभं चित्र करा. कलिंगडाच्या फाकेसारखी लांबलचक पट्टी ग्रुपमध्ये दोऱ्याएवढी दिसते. ती तीन-चार चित्रांत तोडा आणि प्रत्येकावर १/४, २/४ असं लिहा. प्रत्येक तुकडा सुटा फॉरवर्ड होणार हे धरून तारीख आणि आधार सगळ्यांवर हवा.

चित्रासोबत तोच मुद्दा दोन ओळींत टाइपही करा. नंतर ग्रुपमध्ये शोधता येतो, आणि दृष्टिहीन माणसाचा फोन तो वाचून दाखवतो.

छापायला देताना?

प्रिंटरला पीडीएफ द्या, फॉन्ट कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून), ३०० डीपीआयवर. नोटीस बोर्डाला ए-३ ठीक. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा कागदावर मळकट येतो, तेव्हा एक नमुना प्रत काढून घ्या. आणि फ्लेक्सचा विचार सोडा. कर्नाटकात प्लॅस्टिकच्या बॅनर-फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे, लागलेले दिसतात ती गोष्ट वेगळी. कापडावर छपाई होते.

एआयकडून पूर्ण चित्रच करून घेतलं तर?

पार्श्वभूमी, खुणा, शीर्षकाचे पर्याय यासाठी घ्या. देवनागरी अक्षरं त्यात अजूनही मधूनच वेडीवाकडी येतात, आणि आकडे तो आत्मविश्वासानं चुकीचे लिहू शकतो. मजकूर आणि आकडे स्वतः टाका.

पाठवून झाल्यावर आकडा चुकल्याचं कळलं. आता?

जिथे जिथे टाकलं तिथे दुरुस्त चित्र टाका. नुसतं डिलीट करू नका. जुनं पुढे गेलेलं असतं आणि ते फिरतच राहतं. नव्यावर वरच्या कोपऱ्यात ‘सुधारित’ आणि तारीख, शीर्षकपट्टीचा रंग वेगळा, म्हणजे ग्रुपमध्ये दोन्ही आली तर नवीन कोणतं ते चित्र न उघडता कळेल. काय बदललं ते एका ओळीत लिहा: ‘आधी २२ टक्के लिहिलं होतं, समान उताऱ्यावर ते १९ टक्के आहे.’ फॉरवर्ड करणाऱ्यांना वेगळा निरोप द्या, विशेषतः ज्यांच्या हाताखाली दहा-बारा ग्रुप असतात त्यांना. भिंतीवरच्या कागदांची यादी लावतानाच करून ठेवली असेल तर ते उतरवायला एक चक्कर पुरते.